वस्तीचं 'नाहीतर'

मला राग लवकर येतो, असं घरचे म्हणतात. त्यात खोटं काही नाही. एसटीत खिडकीजवळ पिशवी ठेवून जागा धरणाऱ्यांवरही मी चिडते. पण त्या उन्हाळ्यातला राग तसला नव्हता. तो आधी मुरला, मग बाहेर आला, आणि खरं सांगायचं तर अजून पुरता उतरलेला नाही.

आमचं गाव विंझरवरून वेल्ह्याकडे जाताना आतल्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी आहे. मी पुण्यातल्या एका कंपनीत प्रोग्रामर. आठवड्यातून थोडे दिवस ऑफिस, बाकीचे दिवस गावातल्या घरी माडीवर, कारण रेंज तेवढी माडीवरच येते. आमची कंपनी गावोगावच्या नळयोजनांसाठी एक यंत्र बनवते. टाकीत पाणी किती आहे ते यंत्र बघतं आणि त्याप्रमाणे व्हॉल्व उघडतं, बंद करतं. कधी कोणता व्हॉल्व उघडायचा, हे गावानं स्वतःच्या मोबाईलवर मराठीत लिहून द्यायचं. 'जर टाकी भरली तर गावठाण उघडा', इतकं साधं. ते वाक्य वाचून त्याची मांडणी ओळखणारा जो भाग असतो त्याला पार्सर म्हणतात. तो पार्सर मी लिहिला होता, आणि मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे.

हा पार्सर वरून खाली वाचणारा. म्हणजे तो सुरुवातीलाच धरून चालतो की समोर एक नियम आहे. मग नियमात 'जर' शोधतो, 'जर'च्या पोटात अट शोधतो, अटीच्या पोटात टाकी, वेळ, जे असेल ते. असे पार्सर हातानं लिहिता येतात आणि वाचणाऱ्याला समजतात, म्हणून मला ते आवडतात. त्यांचे नखरेही असतात. 'नियम म्हणजे आधी एक नियम आणि मग आणखी एक नियम' अशी व्याख्या मी एकदा लिहून बसले, तर गडी नियम शोधायला नियमात शिरला, तिथून पुन्हा नियमात, आणि लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा वाजायला लागला. पण ते नखरे बरे. गोंधळ घालतात, दिसतात, दुरुस्त होतात. खरी भीती न दिसणाऱ्या गोष्टीची.

ती न दिसणारी गोष्ट अशी. एका 'जर'च्या पोटात दुसरा 'जर' आला आणि मग एकच 'नाहीतर' आलं, तर ते कुणाचं? आतल्या 'जर'चं की बाहेरच्या? वरून खाली वाचणारा पार्सर आतल्या 'जर'मध्ये शिरलेला असतो, बाहेरचा अर्धवट सोडून. 'नाहीतर' दिसलं की आतला ते उचलतो आणि मोकळा होतो. बाहेरच्याला असं काही आलं होतं हे कळतही नाही. जो आधी पोचला त्याचं. व्याकरण तपासणारी तयार साधनं अशा वेळी निदान कुरकुर तरी करतात. हातानं लिहिलेला पार्सर चूं करत नाही. गप्प गिळतो आणि शहाण्यासारखा पुढे जातो.

मला हे माहीत होतं. म्हणून मी त्यात एक तपासणी घातली होती. आतला 'जर' अजून उघडा आहे, बाहेरचाही उघडा आहे, आणि 'नाहीतर' आलं, तर घेऊ नकोस. थांब आणि विचार. पाच-सहा ओळींचं काम. आणि गावाला उत्तर देता यावं म्हणून भाषेत एक शब्द ठेवला होता, 'एवढंच'. तो आमच्या गावच्या बैठकीतला. आमच्याकडे मारुतीच्या देवळापुढे बैठक बसली की बोलणारा माणूस शेवटी 'एवढंच' म्हणतो आणि मांडी घालून बसतो. त्यानं ते म्हणेपर्यंत दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. त्याला कितीही वेळ लागो. माझ्या भाषेतही तसंच. आतल्या 'जर'नं 'एवढंच' म्हटलं की त्याचं बोलणं संपलं, पुढचं 'नाहीतर' बाहेरच्याचं.

ही तपासणी काढायचं ठरलं ते पानशेतला.

आमचा टीम लीड काही गावांच्या सरपंचांना यंत्र दाखवायला घेऊन गेला होता, मीही बरोबर होते. धरणाच्या काठी एक हॉटेल आहे, पुण्याची मंडळी शनिवार-रविवारी जेवायला येतात तिथलं. समोर पाणीच पाणी, ताटात गावरान कोंबडी. कामथडीकडचे एक पाहुणे होते, त्यांनी हौसेनं स्वतः एक नियम टाईप केला. त्यात हाच पेच होता. मोबाईलवर लाल पट्टी आली, यंत्र त्यांनाच प्रश्न विचारू लागलं. पाहुणे म्हणाले, "आयला, हे तर आपल्यालाच इचारतंय." सगळे हसले. मलाही हसू आलं, बरं वाटलं. विचारतंय म्हणजे काम करतंय. लीड मात्र हसला नाही. परतीच्या गाडीत तो म्हणाला, "डेमोमध्ये लाल दिसता कामा नये. लोक घाबरतात."

मी म्हटलं, "घाबरू दे ना. पाण्याचा प्रश्न आहे."

"जवळच्या जरला जोडून टाक. जगातल्या निम्म्या भाषा हेच करतात. डॉक्युमेंटमध्ये एक ओळ लिही म्हणजे झालं."

मी भांडले. मेल लिहिली, मीटिंगमध्ये बोलले. त्यानं माझ्या देखत ती तपासणी बंद केली आणि डॉक्युमेंटमध्ये ती एक ओळ स्वतः लिहिली. इंग्रजीत. पट्टी हिरवी झाली, 'नियम योग्य आहे'. अर्थ कुठला लावलाय हे न सांगता योग्य आहे म्हणणारी ती पट्टी मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती.

आणि पहिलं यंत्र बसवलं ते माझ्याच गावात.

आता आमच्या पाण्याचं सांगते. टाकी गावाच्या वर टेपाडावर आहे. तो माळ वरच्या वस्तीचा, धनगरांची घरं आहेत तिथं, शेरडं-मेंढरं आणि गुरं राखणारी माणसं. टाकीला जागा त्यांनी दिली, तेव्हा गावानं देवळापुढे शब्द दिला होता. टाकी अर्ध्याच्या खाली उतरली की आधी वस्तीवरच्या जनावरांचा हौद भरायचा, मग गावठाण. गावठाणात विहिरी आहेत, बोअर आहे. वस्तीचा झरा होळीनंतर आटतो, आणि जनावराला थांब म्हणून सांगता येत नाही. हा शब्द कुणी कागदावर मागितला नाही. आमच्याकडे लहान पोरालाही तो पाठ आहे.

यंत्र बसवलं तेव्हा सरपंचांनी नियम लिहिला तो असा: जर टाकी अर्ध्याच्या वर तर जर पहाट तर गावठाण उघडा नाहीतर वस्ती उघडा. सगळं एका दमात, मोबाईलला बोलून. देवळापुढे वाचून दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या. शब्द माहीत असलेल्या माणसाला त्यात खटकण्यासारखं काही नव्हतंच. टाकी वर असेल तर पहाटे गावठाण, खाली गेली तर वस्ती, आणि हौद भरला की गावठाण हातानं सोडायचं. मी तेव्हा पुण्यात होते. पट्टी हिरवी आली, फोटो निघाले, पेढे वाटले.

यंत्रानं मात्र 'नाहीतर' आतल्या 'जर'ला चिकटवलं. टाकी वर असताना, पहाट नसेल तेव्हा वस्ती. म्हणजे पाणी भरपूर होतं तोवर वस्तीचा हौद दिवसभर भरून वाहत होता. आणि टाकी अर्ध्याच्या खाली उतरली तेव्हा वस्तीला काही नाही. कुणालाच काही नाही.

मला ते कळलं ते असं. अक्षय तृतीया होऊन गेलेली, भर दुपारची वेळ. मी माडीवर काम करत होते, आणि खालून गुरांच्या घंटा ऐकू आल्या. एवढ्या उन्हात गुरं खाली कधी येत नाहीत. खिडकीतून पाहिलं, तर वस्तीवरची आजी गुरं घेऊन नदीकडे चालली होती. लहानपणी आमच्या घरी तूप घेऊन यायची ती हीच. पायात चप्पल होती, पण डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला. मी खाली धावले, विचारलं, "आजी, एवढ्या उन्हाचं?"

"पानी न्हाई पोरी हौदात. लई दिस झालं. रोज खाली आनावं लागतंय."

"कुणाला सांगितलं नाहीत का?"

"कुनाला सांगू? आमाला वाटलं गावालाच न्हाई पानी."

बोलता बोलता नाल्याच्या उतारावर तिची गाभण गाय घसरली. खडकावर आदळलेला तो आवाज मी ऐकला. पुढचा पाय मोडला होता. चार माणसं आली, जनावरांचे डॉक्टर आले, पण ती गाय परत उभी राहिली नाही. आजी तिच्या मानेखाली हात घालून बसून राहिली आणि बाकीची गुरं पाण्यासाठी नदीकडे तोंड करून ओरडत होती. मी आयुष्यात इतकी संतापले नव्हते. कुणावर ते कळत नव्हतं, म्हणून घरातल्या पाण्याच्या कळशीवर संतापले. कळशी भरलेली होती.

माडीवर जाऊन सरपंचांचा नियम उघडला, आणि यंत्रानं त्याचा काय अर्थ लावलाय ते दिसलं. मग कळशी भरलेली कशी, हा प्रश्न मला पडला. यंत्र तर गावठाणालाही पाणी देत नव्हतं. मी चुलत्यांकडे गेले. माझे चुलते गावची नळयोजना सांभाळतात. गावात त्यांना वालमन म्हणतात. भोरला जाऊन वायसर आणायचे, सांधे घट्ट करायचे, हे सगळं तेच बघतात. व्हॉल्व हातानं फिरवायची लोखंडी चावी त्यांच्या खांद्याला कायम असते.

"काका, गावठाणात पाणी कसं येतंय?"

"म्या सोडतो की हातानं. मशीन सोडंना, लोकांचं फोनावर फोन."

"मग वस्तीचा व्हॉल्व का नाही सोडला?"

काकांनी खांद्यावरची चावी सारखी केली. मग म्हणाले, "फोन आला न्हाई."

फोन आला नाही! वस्तीवर रेंज नाही हे काकांना माहीत, मला माहीत, गावातल्या कुत्र्यामांजरांना माहीत. ज्याचा आवाज जवळ त्याला पाणी, आणि लांबचा गप्प आहे म्हणजे त्याचं सगळं ठीक आहे. मला माझ्याच पार्सरची वागणूक माणसाच्या तोंडून ऐकू येत होती. मी काकांना त्या दिवशी जे बोलले ते धाकट्यांनी मोठ्यांना बोलायचं नसतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. ते मुकाट्यानं उठले आणि वस्तीचा व्हॉल्व सोडून आले, पण टाकीत तेव्हा तळालाच पाणी उरलं होतं.

मग लीडला फोन लावला. सगळं सांगितलं, गायीचंही.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण हे टेक्निकली बग नाही. डॉक्युमेंटमध्ये क्लिअर लिहिलंय. युजर एरर आहे."

"ते डॉक्युमेंट इंग्रजीत आहे."

"त्यांनी विचारायला हवं होतं ना."

"विचारायचं यंत्रानं होतं," मी म्हटलं. "विचारत होतं. तू त्याचं तोंड बंद केलंस."

तो म्हणाला, ठीक आहे, तपासणी परत घाल, पण लाल नको, पिवळी पट्टी दाखव आणि खाली 'पुढे जा' असं बटण दे. मी नाही म्हटलं. 'पुढे जा' दिलं की सगळे पुढे जातात, मीसुद्धा न वाचता जाते. मी त्याला परवानगी विचारली नाही, काय करणार आहे ते सांगितलं: पट्टी लाल राहील, बटण नसेल, आणि उत्तर मिळेपर्यंत यंत्र एकही व्हॉल्व उघडणार नाही. पटत नसेल तर गायीचं त्यानं स्वतः येऊन वस्तीवर समजावून सांगावं. तो आला नाही.

त्या वेळी मी आणखी एक गोष्ट केली. नुसतं 'चूक आहे' असं सांगून भागत नाही, पेच काय आहे तेही माणसाच्या भाषेत दिसलं पाहिजे. म्हणून पार्सरला दोन्ही वाटांनी जाऊन यायला लावलं. 'नाहीतर' आतल्याचं धरलं तर काय होतं, बाहेरच्याचं धरलं तर काय होतं, ते दोन्ही पूर्ण वाक्यांत लिहून समोर ठेवायचं आणि विचारायचं, यातलं कुठलं? हे जड काम नव्हतं. आधीच करता आलं असतं, कुणी करू दिलं असतं तर.

नवीन आवृत्ती चढवायच्या आदल्या दिवशी मी वस्तीवर चढून निरोप देऊन आले, की उद्या सकाळी देवळापाशी या. हौद का कोरडा राहिला असं आजीनं विचारलं, तेव्हा काकांचं 'फोन आला न्हाई' तेही सांगितलं. रात्रीत वीज आल्यावर मोटर चालली होती, टाकीत थोडं पाणी होतं. अर्ध्याच्या खालीच.

सकाळी यंत्रानं सरपंचांचा नियम नाकारला. काकांनीही अजून चावी फिरवली नव्हती, गावठाणाचे नळ कोरडे. हंडे नळाखाली तसेच ठेवून लोक देवळापुढे आले, आणि सगळ्यांचा रोख माझ्यावर. सरपंच मोबाईल नाचवत म्हणाले, "अगं, चांगलं हिरवं व्हतं की. आता लाल कशापायी दावतंय?"

"वाचा ना मोठ्यानं," मी म्हटलं.

त्यांनी वाचलं. "तुमच्या नियमाचे दोन अर्थ निघतात. एक: टाकी अर्ध्याच्या खाली गेली तर वस्ती उघडायची. दोन: टाकी अर्ध्याच्या वर असताना, पहाट नसेल तेव्हा वस्ती उघडायची, आणि टाकी खाली गेली तर वस्तीला पाणी नाही. कुठला अर्थ?"

मला वाटलं होतं, सगळे एका आवाजात 'पहिला' म्हणतील आणि घरी जातील. तो शब्द लहान पोरालाही पाठ आहे, असं मीच वर लिहिलंय. पण लोक एकमेकांकडे बघू लागले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "दुसरा बी काय वाईट न्हाई. टाकी भरली की त्यांचा हौद दिवसभर वाहतोय की." दुसरा म्हणाला, "तवाची गोष्ट येगळी व्हती. आता घरं वाढली." तिसरा म्हणाला, मशीननंच लावलाय अर्थ, आपण कशाला वाईट व्हायचं.

माझं डोकं भणाणलं. इतके दिवस मी लीडला शिव्या घालत होते, आणि त्याची ती गप्प पट्टी इथं कितीजणांच्या सोयीची होती! कुणी दावा केला नव्हता, कुणी शब्द मोडला नव्हता. यंत्रानं परस्पर मोडला होता आणि सगळ्यांचे हात कोरडे. मी ओरडले, "मग तसं तोंडानं म्हणा! इथं, देवळापुढं उभं राहून म्हणा, की वस्तीला पाणी नाही! मी स्वतः टाईप करते."

कुणी म्हणेना. एकजण काकांकडे वळला. "वालमन, तुमी सोडा वो हातानं. बाया खोळंबल्यात."

काका पारावर बसले होते. त्यांनी खांद्यावरची लोखंडी चावी काढली आणि सरपंचांच्या मोबाईलशेजारी ठेवली. म्हणाले, "मशीन थांबलंय. म्या बी थांबतो."

नळाशी उभ्या असलेल्या बायका एकेक करून देवळाकडे आल्या. त्यातली एक म्हणाली, काय ते सांगून टाका एकदाचं, पोरांच्या आंघोळी राहिल्यात. तेव्हा कडेला बसलेली वस्तीवरची आजी गुडघ्यावर हात ठेवून उठली. वस्तीवरची माणसं बैठकीत सहसा बोलत नाहीत, बायका तर नाहीच.

ती म्हणाली, "टाकी आमच्या माळाव हाय. उतरली की आदी वस्ती, मंग गाव. ह्यो शब्द तुमच्या बापांनी दिला, म्या हितंच बसले व्हते. माजी गाय गेली. एवढंच."

आणि ती बसली. 'एवढंच' म्हटल्यावर दुसऱ्याला बोलायची मुभा असते. पण बोलायला कुणी उठलं नाही. सरपंचांनी चष्मा पुसला आणि मोबाईल माझ्याकडे सरकवला. मी परत त्यांच्याकडे सरकवला. नियम गावानं लिहायचा होता. त्यांनी बोटानं चाचपडत 'गावठाण उघडा'नंतर 'एवढंच' घातलं, आणि पुढे 'नाहीतर वस्ती उघडा' तसंच राहू दिलं. पट्टी हिरवी झाली. या वेळी तिच्याखाली अर्थही लिहिलेला होता, आणि सरपंचांनी न सांगता तो मोठ्यानं वाचला.

वर टेपाडावर व्हॉल्व फिरल्याचा आवाज खालपर्यंत येत नाही. पण वस्तीकडे जाणारा पाईप देवळामागून जातो, त्यात हवा खदखदली ती सगळ्यांनी ऐकली. आजी काठी घेऊन उठली. जाताना काकांच्या पुढ्यात थांबली. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती.

"मंग आता आमाला फोन नगं ना कराया?"